साइटवर ‘थांबा’ कोणी म्हणायचं?

स्लॅब ओतल्यावर खालचे टेकू कधी काढायचे, याचं उत्तर भारतीय मानकात स्पष्ट दिलेलं आहे. आयएस ४५६ नुसार गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीम सहा मीटरपर्यंतची असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे. आज घरबांधणीत सर्रास येणारं पीपीसी सिमेंट सावकाश ताकद धरतं, म्हणून तिथे मुदत वाढवावी लागते. सिव्हिलचा विद्यार्थी हे परीक्षेसाठी पाठ करतो. पण साइटवर टेकू काढणाऱ्या माणसाला कोष्टकाआधी एक तारीख लागते: हा स्लॅब ओतला कधी? ती त्याला ठाऊक असेलच असं नाही. स्लॅब ओतणारी टोळी एका दिवसासाठी आलेली असते, ती आता दुसऱ्याच साइटवर असते. सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा आणि जॅक भाड्याचे असतात आणि त्याला पुढचं काम उरकायचं असतं. इंजिनिअर दुपारी येणार असतो. मग टेकू काढणारा विचारतो, “काढू का?” आणि समोर जो कोणी उभा असेल तो म्हणतो, “काढ.”

बांधकामावरच्या अपघाताचा तपास होतो तेव्हा काँक्रीटचे नमुने जातात, क्रेनचे कागद पाहिले जातात, पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ आणि आता न्याय संहितेचं १०६ कलम लागतं. त्या ‘काढू का’ आणि ‘काढ’ची नोंद कुठेही नसते. कामगार एकमेकांशी काय बोलतात, कोणाला बोलू शकत नाहीत आणि त्याचा जिवाशी काय संबंध आहे, हा प्रश्न अभ्यासकांनी गेल्या वीसेक वर्षांत गांभीर्याने घेतला. आपल्याकडे तो अजून ‘सूचना फलक लावा, मराठी-हिंदीत लावा’ इथवरच पोचला आहे.

छत्रपती संभाजीनगर हे शहर या प्रश्नासाठी चांगला नमुना आहे, कारण इथे सगळ्या आकारांचं बांधकाम एकाच वेळी चालू आहे. शेंद्रा आणि बिडकीनची ऑरिक औद्योगिक वसाहत आहे. बिडकीनच्या पट्ट्याचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं आणि तिथे आता कारखान्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. जायकवाडीहून शहरात पाणी आणणारी २५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी पैठण रस्त्याने आली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. आणि या सगळ्याच्या मधल्या जागेत गुंठेवारीच्या वसाहती आहेत. तिथे वीस बाय तीसच्या प्लॉटवर एक मिस्त्री, दोन बिगारी आणि घरमालक मिळून मजल्यावर मजला चढवतात. मोठ्या प्रकल्पावर पिवळं जॅकेट घातलेला सेफ्टी ऑफिसर असतो. गुंठेवारीतल्या घराच्या सुरक्षिततेची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणी सांगू शकणार नाही.

भाषेपासून सुरुवात करू, कारण संवाद म्हटलं की सगळे भाषेकडेच धावतात. साइटवर मराठवाड्याची मराठी असते, दखनी असते, तांड्यावरून आलेल्यांची गोरमाटी असते, बिहार-उत्तर प्रदेशातल्या माणसांची भोजपुरी असते, कधी बंगाली, कधी ओडिया. यात नवं काही नाही. महाराष्ट्रातल्या विहिरी, तलाव आणि रस्ते ज्यांनी खणले-फोडले त्या वडार समाजाची घरातली बोली तेलुगूच्या वळणाची आहे. तेलंगणातल्या महबूबनगरचे ‘पालमुरी’ मजूर देशभरच्या धरणांवर राबले. अनेक भाषांची टोळी ही आपल्या बांधकामाची जुनीच रीत आहे. क्रेनवर आजही ऐकू येणारे ‘हबेस’ आणि ‘आरिया’ हे पुकारे (पहिला वर घ्यायचा, दुसरा खाली सोडायचा) खलाशांच्या मिश्र बोलीतून जमिनीवर आले. जहाजावर दहा ठिकाणची माणसं एक दोर ओढत, तीच गरज इथेही होती.

सिडनीच्या बांधकामांवर ट्रायकोव्स्की आणि लूसमोर यांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी घरची भाषा नसलेल्या कामगारांतल्या अनेकांनी कामाच्या सूचना आपल्याला चुकीच्या समजल्याचं सांगितलं. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत हेच सूत्र दिसतं. पण ते जसंच्या तसं इकडे लावता येत नाही. संभाजीनगरात दखनी-हिंदी ही कामचलाऊ भाषा जवळपास प्रत्येकाला येते. “सळई सांभाळ”, “खाली माणूस आहे” एवढं कळायला कोणाला दुभाष्या लागत नाही. तरीही माणसं पडतात, दबतात, चिकटतात. म्हणजे नुसत्या भाषेच्या अडचणीने सगळ्याचा उलगडा होत नाही.

दुसऱ्या दिशेने पाहणारे दोन अभ्यास मला जास्त उपयोगी वाटतात. डेन्मार्कमध्ये कीन्स आणि सहकाऱ्यांनी (२०१०) कामगारांना शिकवण्याऐवजी त्यांच्या फोरमनना शिकवलं. रोजच्या बोलण्यात, म्हणजे काम वाटून देताना आणि माल मागवताना, सुरक्षिततेचा विषय काढायचा, एवढंच. तसं बोलणं वाढलं आणि साइटची प्रत्यक्ष स्थितीही सुधारली. अमेरिकेत अलसमदानी, हॅलोवेल आणि जाव्हर्निक-विल यांनी (२०१३) लहान टोळ्यांमध्ये कोण कोणाशी सुरक्षिततेबद्दल बोलतं याचे नकाशेच काढले. चांगली कामगिरी असलेल्या टोळ्यांत औपचारिक बैठकांच्या जोडीला आपापसातलं सहज बोलणं वारंवार होत होतं. सगळं बोलणं एकाच माणसातून जात नव्हतं.

आता हा नकाशा आपल्या साइटवर काढून बघा. वर विकासक किंवा सरकारी खातं, मग मुख्य कंत्राटदार, मग उपकंत्राटदार, मग सेंट्रिंगचा, लोखंडाचा, गिलाव्याचा असा प्रत्येकाचा ठेकेदार, त्याचा मुकादम, मग मिस्त्री आणि शेवटी बिगारी. सेंट्रिंगवाला लोखंडवाल्याशी बोलतो तो ओळखीपाळखीवर. कागदोपत्री दोघांचा काहीच संबंध नसतो. काम उरकण्याचा हुकूम या उतरंडीवरून झरझर खाली येतो. ‘खालचा टेकू हलतोय’ ही बातमी मात्र वर चढताना प्रत्येक पायरीवर अडते, कारण प्रत्येक पायरीवरच्या माणसाला ती वर नेण्यात तोटा असतो.

बातमी वर न पोचण्याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कॅनडातलं आहे. १९०७ साली क्वेबेक इथे सेंट लॉरेन्स नदीवर पूल उभा राहत होता. खालच्या तुळ्यांच्या पट्ट्या वाकत चालल्या आहेत, हे जागेवरच्या तरुण इंजिनिअरने, नॉर्मन मॅक्लुअरने मोजलं होतं. मुख्य सल्लागार थिओडोर कूपर न्यूयॉर्कला असत, साइटवर येत नसत. मॅक्लुअर स्वतः तिथे गेला. कूपरनी भार वाढवू नका अशी तार केली, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याला, क्वेबेकला नाही. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल कोसळला आणि त्यावरच्या ८६ माणसांपैकी ७५ गेली. तिथे अभियंता होता, माप होतं, तार होती. कमी होतं ते एवढंच की जो माणूस काम थांबवू शकत होता तो पुलापासून शेकडो मैल दूर होता, आणि पुलावर असलेल्यांपैकी कोणाला तो अधिकार आहे असं वाटत नव्हतं.

महाराष्ट्रातल्या अलीकडच्या घटना पाहिल्या तर प्रत्येक ठिकाणी तांत्रिक कारण वेगळं सापडेल. २९ जुलै २०१६ ला पुण्याच्या बालेवाडीत तेराव्या मजल्याच्या स्लॅबचं काम चालू असताना ९ मजूर खाली आले आणि मेले. ३ फेब्रुवारी २०२२ ला येरवड्यात सळयांची भलीमोठी जाळी कोसळून ५ जण गेले. ते बिहारचे होते. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धीच्या पुलावर गर्डर बसवणारं अवाढव्य यंत्र कोसळलं आणि २० जणांचा जीव गेला. मेलेले इंजिनिअर आणि कामगार वेगवेगळ्या राज्यांतले होते. यांपैकी कोणत्याही अपघाताचं खापर मी ‘संवादाच्या अभावा’वर फोडणार नाही, यंत्र, टेकू आणि आराखडा यांची उत्तरं तज्ज्ञांनी द्यायची. मात्र या तिन्ही कामांत एक साम्य आहे. ज्याच्या अंगावर वजन येणार, त्याला ते वजन कोणी कसं तोललं आहे हे दिसत नाही. आणि ज्याला पहिली करकर ऐकू येते, त्याच्या हातात काहीच नसतं.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर साइटवरच्या एका कामाने कधीच शोधून ठेवलं आहे. क्रेन चालवणाऱ्याला आकडा कुठे टेकतोय हे पुष्कळदा दिसत नाही, म्हणून खाली एक खुणा करणारा उभा असतो. नियम असा की वर-खाली, डावी-उजवी या खुणा त्या एकट्यानेच करायच्या; दहा जणांनी हात हलवले तर गोंधळ. पण थांबण्याची खूण कोणीही करावी, आणि ती कोणीही केली तरी ऑपरेटरने थांबायचं. बिगाऱ्याने केली तरी, चहा घेऊन आलेल्या पोराने केली तरी. हुकूम एकाचा, थांबवणं सगळ्यांचं. हा नियम क्रेनपुरताच का राहिला, हे मला कधी कळलेलं नाही.

चर खोदण्याचं काम घ्या. माती-मुरुमातला चर दीड मीटरपेक्षा खोल गेला की त्याच्या बाजूंना आधार द्या, असं आयएस ३७६४ सांगतं. अडीच मीटर व्यासाचा पाइप बसवायचा तर चर माणसापेक्षा कितीतरी खोल जाणारच. पैठणच्या बाजूची जमीन काळी. पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते. चरात उतरलेल्या माणसाला वरच्या काठाची भेग दिसत नाही. ती काठावरच्याला दिसते: जेसीबीच्या ड्रायव्हरला, ट्रॅक्टरवाल्याला, कधी बांधावरच्या शेतकऱ्याला. इंजिनच्या घरघरीत हाक पोचत नाही, आणि पोचली तरी खालचा माणूस मुकादमाकडे बघतो. काठावर एक माणूस नुसता बघत उभा ठेवणं हा जगभरचा साधा उपाय आहे. आपल्याकडे हजेरीपत्रकात ‘बघणारा’ ही जातच नाही. उभा दिसला की त्याच्या हातात फावडं दिलं जातं.

मुकादमाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. गावाकडून माणसं आणतो तो, उचल देतो तो, झोपडीची सोय करतो तो, आणि आजारपणात शंभर-दोनशे टेकवतो तोही तोच. इंजिनिअरला मजुरांची नावं माहीत नसतात, मुकादमाचं असतं. इंजिनिअरची सूचना मुकादमाच्या तोंडूनच मजुराला कळते आणि मजुराची तक्रार मुकादमाच्या मर्जीनेच वर जाते. उचल फिटेपर्यंत मजूर साइट सोडू शकत नाही. तेव्हा ‘या परांचीवर मी चढत नाही’ हे वाक्य त्याला कर्जाच्या रकमेच्या तोलात मोजावं लागतं. डेन्मार्कच्या फोरमनला हे ओझं नव्हतं. तो आणि त्याचे कामगार एकाच कंपनीचे, एकाच संघटित व्यवस्थेतले. म्हणून त्या अभ्यासातला धडा घेताना एवढी खूणगाठ बांधावी: मुकादमाला शिकवणं जरूर करावं, त्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही, पण उचलीचा फास सैल झाल्याशिवाय त्याचं शिक्षण अर्धंच लागू पडेल. संशोधकांच्या प्रश्नावल्यांत हा फास मला कुठे दिसला नाही. ‘तुम्ही वरिष्ठांना मोकळेपणाने सांगू शकता का’ या प्रश्नावर एक ते पाच गुण मागितले की आपला माणूस मुकादमाकडे बघून चारवर टिक करतो.

बायांचं आणखी वेगळं. त्या नवऱ्याबरोबर जोडीने येतात, जोडीनेच मोजल्या जातात, घमेली वाहतात, खडी-वाळू देतात. मोठ्या प्रकल्पांवर सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटांची सुरक्षा बैठक होते, साइटच्या भाषेत ‘टूलबॉक्स टॉक’. त्या वेळी बाई चूल उरकत असते किंवा पोराला झोळीत घालत असते. बैठकीत सांगितलेलं तिला नवऱ्याकडून कळायचं असतं, तो सांगतोच असं नाही. आणि लिफ्टच्या खड्ड्याकडेने दिवसभर सगळ्यात जास्त फेऱ्या तिच्याच होतात. धोका कुठे आहे हे तिच्याइतकं पायांना माहीत असलेलं कोणी नसतं, पण तिला कोणी विचारत नाही.

४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला शपथ घेतली जाते, फोटो निघतात. गेटवरचे फलक बहुधा रस्त्याकडे तोंड करून असतात, म्हणजे ते पाहुण्यांसाठी. हेल्मेटच्या पलीकडे जाणाऱ्या गोष्टी त्यावर क्वचितच असतात: आज कुठला स्लॅब कच्चा आहे, कुठली वायर जिवंत आहे, कुठल्या बाजूला जायचं नाही. रोज बदलणारा धोका रोज पुसून लिहायच्या काळ्या फळ्यावर लिहावा, ओतल्याची तारीख टेकूवरच रंगाने टाकावी, ही बिनखर्चाची कामं आहेत. काही ठिकाणी टोळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. वाचता न येणारा मजूर त्यात बोलून निरोप टाकतो, आणि मला हे फार आशादायक वाटतं. पण ग्रुपचा अ‍ॅडमिन मुकादमच असतो. ‘आज थोडक्यात वाचलो’ हा निरोप त्याच्या पलीकडे जात नाही. खरं तर प्रत्येक मोठ्या अपघाताआधी असे कितीतरी ‘थोडक्यात’ होऊन गेलेले असतात.

माहिती न पोचणं किती महाग पडतं, हे या जिल्ह्याने साइटच्या बाहेरही पाहिलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते बांधकामावरचे नव्हते, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले होते, मध्य प्रदेशात आपल्या गावी चालत निघाले होते. टाळेबंदीत रेल्वे बंद आहे, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मालगाड्या चालू आहेत, हे नाही.

कायद्याकडे वळू. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षा समिती सक्तीची केली आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी घ्यायला लावले. १९९८ च्या केंद्रीय नियमांत पन्नास कामगारांपासून लेखी सुरक्षा धोरण हवं आणि ते हिंदीत व बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या स्थानिक भाषेत लावावं, असं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम १४ कामगाराला आपल्या सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क देतं. जिवाला तातडीचा धोका वाटला तर मालकाला थेट किंवा समितीमार्फत, आणि त्याच वेळी निरीक्षकालाही, ते कळवता येतं. ही चांगली तरतूद आहे. पण बारकाईने वाचली तर ती सांगण्याची आहे, थांबण्याची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा बांधकाम सुरक्षेचा करार (क्रमांक १६७) एक पाऊल पुढे जातो. तातडीचा गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तर कामगाराला तिथून बाजूला होण्याचा हक्क आहे, आणि मग वरिष्ठाला कळवण्याचं कर्तव्य. आधी बाजूला हो, मग कळव. आपण तो करार स्वीकारलेला नाही.

आणि गुंठेवारीतलं घर? स्वतःच्या राहण्यासाठीचं लहान बांधकाम १९९६ च्या कायद्याबाहेर होतं, दहा लाखांच्या खर्चापर्यंत. नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. म्हणजे गल्लीतली बहुतेक घरं आता आणखी निश्चिंतपणे बाहेर. इथे समिती नाही, फलक नाही, उतरंडही नाही. मिस्त्री आणि मालक समोरासमोर असतात. त्यामुळे बोलणं सोपं असायला हवं. पण इथला मोठा धोका गल्लीतून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारेचा. इमारतीपासून तिचं आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं. बाल्कनी पुढे काढली की ते संपतं. सळई येते बारा मीटर लांबीची. ती खालून वर देणारा आज सकाळीच अड्ड्यावरून आणलेला असतो. तार मालकाला रोज दिसते, मिस्त्रीला ठाऊक असते, नव्या माणसाला कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी ते सगळ्यांना माहीतच आहे. सळई वर देण्याआधी महावितरणला सांगून तास-दोन तास लाइन बंद करून घेता येते, हे मालकाला पुष्कळदा माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी अर्ज करायचा कंटाळा.

या सगळ्या उपायांच्या तळाशी पैशाचा एक हिशेब आहे. तो सहसा सुरक्षिततेच्या चर्चेत येत नाही. लोखंडाचं काम टनावर दिलं जातं, गिलावा चौरस फुटावर, सेंट्रिंगही मोजमापावर. काम एक तास थांबलं की तो तास टोळीच्या खिशातून जातो. म्हणून टेकू हलतोय हे दिसूनही मिस्त्री म्हणतो, एवढी घमेली टाकू, मग बघू. समित्या, ग्रुप, बैठका यांनी निरोपाला वाट मिळेल, पण निरोप देणाऱ्याचा रोज बुडणार असेल तर तो त्या वाटेने जाणार नाही. थांबलेल्या वेळेचे पैसे देण्याची कल्पना बांधकाम व्यवसायाला परकी आहे, असंही नाही. महिन्याच्या भाड्याने आणलेली क्रेन नुसती उभी राहिली तरी तिचं भाडं चुकतं करावं लागतं, आणि कुठलाही कंत्राटदार त्यावर वाद घालत नाही.